गुडघ्याची झीज आणि हातांचे उपचार: मेटलंड, मलिगन, मसाज यांत फरक काय?

गुडघा दुखू लागला की आपल्या घरांत पहिला उपचार हातानेच होतो. रात्री तेलाची वाटी कोमट केली जाते, सून किंवा नातू आजीच्या गुडघ्याला तेल चोळून देतो आणि झोप लागेपर्यंत तरी तिला बरे वाटते. पुढे दुखणे वाढते, एक्स-रे निघतो, डॉक्टर "झीज झाली आहे, फिजिओथेरपी सुरू करा" असे लिहून देतात आणि दवाखान्यात गुडघ्यावर निराळाच हात पडतो. एका ठिकाणी नडगीचे हाड लयीत मागेपुढे सरकवले जाते, दुसऱ्या ठिकाणी पट्टा लावून रुग्णालाच गुडघा वाकवायला सांगितले जाते, तिसरीकडे मांडीच्या स्नायूंचा अर्धा-पाऊण तास मसाज होतो. शेजारणीला एक उपचार मिळाला आणि आपल्याला दुसरा, म्हणून रुग्ण गोंधळतात आणि विचारतात की यांतला खरा उपचार कोणता. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी विचारला जातो. त्याचे प्रामाणिक उत्तर दोन वाक्यांत बसत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे.

आधी गुडघ्यात काय बिघडलेले असते ते पाहू. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जिथे एकमेकांवर टेकतात, तिथे दोन्हींच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे झिजेचा संधिवात, झाला की हा थर पातळ होतो, बहुतेकांच्या बाबतीत गुडघ्याच्या आतल्या बाजूला जास्त. "गुडघ्यातले वंगण संपले" असे आपण म्हणतो ते याच झिजेला. परंतु कूर्चेत संवेदना वाहणाऱ्या नसा नसतातच, त्यामुळे दुखते ते बरेचसे तिच्या आजूबाजूचे: कूर्चेखालचे हाड, सांध्याच्या आतले सुजलेले अस्तर, सांध्याला चहूबाजूंनी गुंडाळणारे आणि आता आखडत चाललेले वेष्टन, आणि दुखण्याला घाबरून ताठरलेले किंवा दुबळे पडलेले स्नायू. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली एक्स-रेवरून झिजेच्या ० ते ४ अशा पायऱ्या ठरवल्या आणि आजही रिपोर्टवर त्याच लिहिलेल्या असतात. मात्र चौथ्या पायरीचा गुडघा घेऊन जिने चढणारी माणसे आणि दुसऱ्या पायरीवरच रात्रभर तळमळणारी माणसे, दोन्ही मी पाहिली आहेत. एक्स-रेवरचा आकडा आणि दुखण्याची तीव्रता यांचे नाते सैल असते, ही गोष्ट हातांच्या उपचारांसाठी फार महत्त्वाची आहे.

कारण कोणताही हात झिजलेली कूर्चा परत आणत नाही. जो कोणी मालीश करून, हाड बसवून किंवा सांधा ओढून "गादी पुन्हा तयार होते" असे सांगतो, तो खरे सांगत नाही. हाताला बदलता येते ते कूर्चेबाहेरचे: वेष्टनाचा ताठरपणा, स्नायूंचा ताण आणि मज्जासंस्थेची दुखण्याबद्दलची संवेदनशीलता. यांतल्या शेवटच्या मुद्द्यावर २००७ साली प्रसिद्ध झालेला मॉस, स्लुका आणि राइट यांचा प्रयोग मला फार शिकवून गेला. गुडघ्याची झीज असलेल्या ३८ लोकांवर त्यांनी तीन गोष्टी आलटून-पालटून केल्या: नऊ मिनिटे सांधा हलवणे, नुसताच हात ठेवणे, आणि हात न लावणे. सांधा हलवल्यानंतर गुडघ्यावर दाब देऊन दुखायला लागेपर्यंत पूर्वीपेक्षा जास्त जोर लावावा लागला. एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी टाचेवरही दाब देऊन पाहिला आणि तिथेही दुखण्याचा उंबरठा वर गेलेला दिसला. टाचेला तर कोणी हात लावला नव्हता. याचा अर्थ, गुडघ्यावर केलेल्या लयबद्ध हालचालीचा संदेश मज्जारज्जू आणि मेंदूपर्यंत जातो आणि तिथून दुखणे आवरले जाते. "हाड जागेवर बसले" म्हणून बरे वाटले, हे स्पष्टीकरण रुग्णाला पटकन पटते. पण झिजलेल्या गुडघ्यात जागा सोडून गेलेले हाड नसतेच.

मेटलंड: लय आणि मोजमाप

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे जेफ्री मेटलंड यांनी सांधा हलवण्याच्या पद्धतीला पायऱ्या दिल्या. आम्ही त्यांना ग्रेड म्हणतो. पहिल्या ग्रेडमध्ये हालचालीच्या अगदी सुरुवातीला छोटीशी झुलती हालचाल, दुसऱ्यात मोठी हालचाल पण अडथळा लागण्याच्या आत, तिसऱ्यात मोठी आणि अडथळ्यात शिरणारी, चौथ्यात छोटी पण अडथळ्याच्या टोकाशी. पहिल्या दोन ग्रेड दुखणे शांत करण्यासाठी, पुढच्या दोन ताठरपणा मोकळा करण्यासाठी. पाचवा, झटक्याचा ग्रेडही आहे, परंतु झिजलेल्या गुडघ्यावर त्याची सहसा गरज पडत नाही आणि मी तो कधी वापरलेला नाही.

रुग्ण टेबलावर उताणा झोपतो, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून सांधा थोडा वाकलेला ठेवला जातो, कारण साधारण २५ ते ३० अंशांत वाकलेला असताना सांध्याभोवतीचे वेष्टन सगळ्यात सैल असते. मग वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकावर तळहाताची टाच ठेवून ते हाड खाली, टेबलाच्या दिशेने, दाबले आणि सोडले जाते. सेकंदाला दोन-तीन वेळा, अर्धा ते दोन मिनिटे, आणि असे दोन-चार फेरे. बघणाऱ्याला काहीच होत नाही असे वाटते, कारण हाड सरकते ते मिलिमीटरांत. करणाऱ्याच्या तळहाताला मात्र सगळे कळते: कुठे सांधा मऊ दबतो, कुठे अडतो, कुठल्या क्षणी मांडीचा स्नायू दचकून घट्ट होतो. स्नायू घट्ट झाला की आपण जास्त आत गेलो, हात मागे घ्यायचा. ही पद्धत मला सर्वांत जवळची वाटते ती या ऐकण्यामुळे. मेटलंड यांचा आग्रह असा की एक तंत्र करा, लगेच पुन्हा तपासा, फरक पडला नसेल तर तंत्र बदला. ग्रेडपेक्षाही ही शिस्त मला मोलाची वाटते.

याच घरातली दुसरी पद्धत नॉर्वेच्या फ्रेडी काल्टेनबोर्न यांची. ते लयीऐवजी ताण धरून ठेवतात. सांध्याचे दोन पृष्ठभाग थोडे अलग करायचे आणि मग हाड एका दिशेला सरकवून काही सेकंद तसेच ठेवायचे. दिशा कोणती, हे सांध्याच्या आकारावरून ठरते. गुडघ्यात मांडीच्या हाडाचे टोक फुगीर आणि नडगीचे टोक त्याला सामावणारे खोलगट; त्यामुळे गुडघा वाकताना नडगी मागे सरकते आणि सरळ होताना पुढे. वाकणे अडले असेल तर नडगी मागे ढकलायची, सरळ होणे अडले असेल तर पुढे आणायची. ताठरपणा मुख्य आणि दुखणे कमी असलेल्या गुडघ्यात हा धरून ठेवलेला ताण उपयोगी पडतो. भडकलेल्या गुडघ्यात तो रुग्णाला सोसत नाही.

गुडघ्याच्या वाटीकडे मात्र अनेकदा दुर्लक्ष होते. वाटी मांडीच्या हाडावरच्या खोबणीतून वरखाली सरकते. वाकताना खाली, सरळ होताना वर. जिना उतरताना वाटीच्या मागे दुखते असे सांगणाऱ्या रुग्णाची वाटी चिमटीत धरून पाहिली तर ती पुष्कळदा रुतून बसल्यासारखी लागते. तिला वरखाली आणि आतबाहेर हळुवार सरकवणे हा सगळ्यात सोपा हस्तोपचार आहे आणि तो रुग्णाला स्वतःला शिकवता येतो.

मलिगन: रुग्णाची हालचाल, फिजिओथेरपिस्टचा हात

न्यूझीलंडचे ब्रायन मलिगन यांची कल्पना वेगळी होती. १९८० च्या दशकात एका रुग्णाच्या दुखऱ्या बोटावर उपचार करताना त्यांच्या लक्षात आले की सांधा बाजूला किंचित सरकवून धरला आणि त्याच वेळी रुग्णाला बोट वाकवायला सांगितले, तर हालचाल न दुखता होते. यातून हालचालीसह मोबिलायझेशन (मोबिलायझेशन म्हणजे हाताने सांधा सरकवणे) ही पद्धत निघाली. गुडघ्यावर ती अशी होते: नडगी हाताने किंवा पट्ट्याने आत, बाहेर किंवा किंचित गोल फिरवून धरायची आणि ते धरलेले असतानाच रुग्णाने गुडघा वाकवायचा, स्टुलावर पाय ठेवून वजन टाकायचे किंवा खुर्चीतून उठायचे. अट एकच, दुखता कामा नये. दुखले तर दिशा बदलायची, जोर बदलायचा. चार-पाच प्रयत्नांत दुखणे थांबत नसेल तर ही पद्धत त्या गुडघ्यासाठी नाही, असे समजून थांबायचे.

एक काकू आठवतात. साठीच्या पुढच्या, सगळा जन्म पाटावर बसून भाकरी थापण्यात गेलेला आणि आता ओट्यापाशी उभे राहूनही पाय भरून येणाऱ्या. गुडघा ९५ अंशांवर अडत होता. सपाट रस्त्यावर चालायला सुमारे ६० अंश पुरतात आणि जिन्याला ९० च्या आसपास, परंतु मांडी घालायला त्याहून पुष्कळ जास्त वाकावे लागते आणि उकिडवे बसायला तर १३० च्या आसपास किंवा त्याहूनही जास्त. त्यांची नडगी आत फिरवून धरली, स्टुलावर पाय ठेवून पुढे झुकायला सांगितले, आणि पहिल्या खेपेला त्या दुखण्याची वाट पाहत डोळे मिटून झुकल्या. दुखले नाही. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले आणि न सांगता पुन्हा झुकल्या, या वेळी थोड्या जास्त. दहा-दहाच्या तीन फेऱ्यांनंतर गुडघा १०८ अंशांपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा शंभरावर आलेला होता, हेही सांगितले पाहिजे. हस्तोपचाराचा लाभ असाच येतो आणि ओसरतो, आणि तो टिकवण्यासाठी मध्ये काहीतरी करावे लागते. त्या दिवशी त्यांना मिळालेली खरी वस्तू अंशांपेक्षा मोठी होती. आपला गुडघा न दुखता वाकू शकतो हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते आणि दुसऱ्या दिवसापासून त्या व्यायामाला टाळाटाळ करेनाशा झाल्या. मलिगन पद्धतीची खरी ताकद मला इथेच दिसते: हालचाल रुग्णाची असते, त्यामुळे श्रेयही त्याला मिळते.

पुण्यातल्या फिजिओथेरपी संशोधकांनी ४० रुग्णांवर केलेली आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेली चाचणी याच पद्धतीची होती. नेहमीच्या व्यायामाला मलिगनची जोड दिलेल्या गटाला नुसता नेहमीचा उपचार घेणाऱ्या गटापेक्षा अधिक आराम पडला आणि सहा महिन्यांनंतरही फरक दिसत होता. चाळीस ही संख्या लहान आहे, तरीही आपल्या इथल्या गुडघ्यांवरचा हा पुरावा म्हणून मी तो जपून ठेवते.

स्नायूंवरचे उपचार आणि आपली मालीश

आतापर्यंतच्या पद्धती सांध्यावरच्या. दुसरा मोठा गट स्नायू आणि मऊ पेशींवरचा. मसाज सर्वांना माहीत आहे. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातले जेम्स सिरिआक्स यांनी दुखऱ्या अस्थिबंधावर किंवा स्नायूच्या दोरीवर आडवे, खोल घर्षण करण्याची पद्धत रूढ केली. गुडघ्याच्या बाजूला बोटाच्या पेराएवढ्या जागेत नेमके दुखत असेल तर तिचा विचार होतो, परंतु ती सोसायला कठीण असते. मसल एनर्जी तंत्रात रुग्णाने फिजिओथेरपिस्टच्या हाताविरुद्ध हलक्या जोराने पाय काही सेकंद दाबायचा, मग सैल सोडायचा आणि त्या सैलपणात स्नायू थोडा जास्त ताणायचा. मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंग आखडल्यामुळे गुडघा पूर्ण सरळ होत नसेल, आणि झिजेच्या रुग्णांत हे फार आढळते, तर हे तंत्र मी आधी वापरते. पाय सरळ न होण्याकडे आपले लक्ष कमी जाते, कारण त्याचा त्रास मांडी न घालता येण्यासारखा जाहीर नसतो. पण पाच-दहा अंशांत वाकलेल्या गुडघ्यावर दिवसभर उभे राहायचे म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूला क्षणभरही विसावा मिळत नाही.

मसाजवरचा चांगला अभ्यास अमेरिकेत ॲडम पर्लमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टप्प्याटप्प्याने केला. २००६ साली ६८ रुग्णांवर, २०१२ साली १२५ रुग्णांवर किती वेळ आणि किती वेळा हे ठरवण्यासाठी, आणि २०१९ साली २२२ रुग्णांवर. मधल्या अभ्यासातून आठवड्याला एकदा, एक तास, ही मात्रा योग्य दिसली. शेवटच्या अभ्यासात त्यांनी एक सुज्ञ गोष्ट केली: एका गटाला मसाज, दुसऱ्याला नुसता हलका स्पर्श, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. कोणीतरी आपल्यासाठी तासभर वेळ देतो, प्रेमाने हात ठेवतो, याचाच गुण येतो का, हे त्यांना तपासायचे होते. आठ आठवड्यांनंतर मसाजचा गट हलक्या स्पर्शाच्या गटापेक्षाही पुढे होता, म्हणजे मसाजमध्ये स्पर्शापलीकडचे काही आहे. मात्र वर्षअखेरीस गटांमधला फरक उरला नव्हता. घरच्या तेल-मालिशीबद्दल मला विचारले जाते तेव्हा मी हाच अभ्यास मनात धरून सांगते: जरूर करा, मांडीच्या आणि पोटरीच्या स्नायूंवर करा, थेट सुजलेल्या सांध्यावर जोर लावू नका, आणि तेवढ्यावर थांबू नका. तेल कोणते, यावर मी वाद घालत नाही.

मग यांतले श्रेष्ठ कोणते?

मेटलंड विरुद्ध मलिगन, मसाज विरुद्ध मोबिलायझेशन अशी थेट तुलना करणाऱ्या चाचण्या आहेत, परंतु त्या बहुतेक लहान आणि काही आठवड्यांच्या आहेत, आणि त्यांचे निष्कर्ष एका दिशेने जात नाहीत. एक पद्धत दुसरीपेक्षा निर्विवाद सरस आहे असे म्हणण्याइतका पुरावा त्यांतून उभा राहत नाही. ज्या मोठ्या चाचण्या आहेत, त्या एका तंत्राच्या नाहीत. त्यांत फिजिओथेरपिस्टने रुग्ण पाहून तंत्रे निवडलेली आहेत.

अमेरिकेत टेक्सासच्या लष्करी रुग्णालयात गेल डाइल यांनी केलेली चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. ८३ रुग्ण, एका गटाला चार आठवडे, आठवड्यातून दोनदा हस्तोपचार आणि व्यायाम, दुसऱ्याला नावापुरते, परिणाम होणार नाही इतके सौम्य अल्ट्रासाउंड. दोन महिन्यांत पहिल्या गटाचा दुखणे, ताठरपणा आणि कामकाज यांचा एकत्रित गुणांक निम्म्याहून अधिक सुधारला. वर्षानंतर पाहिले तर गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया दुसऱ्या गटातल्या २० टक्के लोकांची झाली होती आणि पहिल्या गटातल्या ५ टक्के लोकांची. त्याच संशोधकांनी २००५ साली १३४ रुग्णांत दवाखान्यातला हस्तोपचार व व्यायाम आणि घरी करायचा व्यायाम यांची तुलना केली. चार आठवड्यांनी दवाखान्याच्या गटाची सुधारणा ५२ टक्के, घरच्या व्यायामाची २६ टक्के. वर्षाने दोन्ही गट जवळजवळ सारखे. पुढे २०२० साली त्यांनीच १५६ रुग्णांत फिजिओथेरपीची तुलना गुडघ्यातल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनशी केली. ० ते २४० च्या मापावर, जिथे गुण जितके कमी तितका गुडघा बरा, दोन्ही गट १०८ च्या आसपास सुरू झाले आणि वर्षाने इंजेक्शनचा गट ५५.८ वर तर फिजिओथेरपीचा ३७ वर होता. इंजेक्शनही निरुपयोगी ठरले नाही, हेही या आकड्यांत दिसते.

या सगळ्यांत हस्तोपचार आणि व्यायाम एकत्र आहेत, त्यामुळे कुणाचा वाटा किती हे कळत नाही. ते वेगळे काढण्याचा प्रयत्न न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या हॅक्सबी ॲबट आणि सहकाऱ्यांनी केला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत गुडघ्याची किंवा खुब्याची झीज असलेले २०६ लोक होते आणि चार गट: नेहमीचा उपचार, त्याला हस्तोपचाराची जोड, व्यायामाची जोड, दोन्हींची जोड. त्याच २४० च्या मापावर वर्षाने नेहमीच्या उपचाराच्या तुलनेत हस्तोपचाराच्या गटाचा त्रास २८.५ गुणांनी अधिक कमी झाला, व्यायामाच्या गटाचा १६.४ ने आणि दोन्ही घेणाऱ्यांचा १४.५ ने.

हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा वाचला. दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या तर गुण वाढायला हवा. इथे तो घटला. शिकताना आम्हाला सांगितले गेले होते की हस्तोपचार हा व्यायामाचा सहायक, आणि मीही रुग्णांना तेच सांगत आले. या चाचणीचे एक पटणारे स्पष्टीकरण वेळेचे आहे. भेटीचा वेळ ठरलेला. त्यात दोन्ही कोंबले की दोन्ही अर्धवट होतात. आपल्याकडच्या गर्दीच्या ओपीडीत वीस मिनिटांत शेक, मशीन, मोबिलायझेशन आणि व्यायाम उरकले जातात तेव्हा मला ही चाचणी आठवते. दुसरीही एक बाजू आहे: चालणे, खुर्चीतून उठणे अशा प्रत्यक्ष कामांच्या मोजमापांत त्याच चाचणीत व्यायामाचा गट सरस ठरला. म्हणजे हस्तोपचाराने रुग्णाला बरे वाटणे अधिक सुधारले आणि व्यायामाने करता येणे. दोन्ही हवे असेल तर दोन्हींना पुरेसा वेळ द्यावा लागेल, असा मी त्याचा अर्थ लावते.

याच्या उलट दिशेने बोलणारा आढावाही आहे. जान्सेन यांच्या २०११ च्या आढाव्यात दुखण्यावरचा परिणाम स्नायू बळकट करण्याच्या व्यायामाचा ०.३८, सर्वसाधारण व्यायामाचा ०.३४ आणि हस्तोपचारासह व्यायामाचा ०.६९ असा निघाला; आकडा जितका मोठा तितका गुण जास्त. परंतु ही तुलना वेगवेगळ्या चाचण्यांमधली, अप्रत्यक्ष आहे. मार्गदर्शक संस्थांचेही एकमत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ साली सांगितले की गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या झिजेत हस्तोपचाराचा विचार करावा, पण उपचारात्मक व्यायामाच्या जोडीनेच. अमेरिकी संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली गुडघ्यासाठी मसाज आणि हस्तोपचार या दोन्हींच्या विरोधात, सशर्त का होईना, शिफारस केली. त्याच पुराव्याकडे पाहून दोन जाणकार गट वेगळ्या निष्कर्षाला येतात, कारण कमी खात्रीच्या पुराव्याला किती वजन द्यायचे हे प्रत्येक जण वेगळे ठरवतो. व्यायामाबाबत मात्र दोघेही ठाम आहेत.

आपल्या गुडघ्याला कोणता हात हवा

पद्धतीचे नाव विचारण्याऐवजी आपल्या गुडघ्याला मुख्य अडचण कशाची आहे हे विचारणे मला जास्त उपयोगाचे वाटते. बसल्या जागीही ठणकणारा, हात लावू न देणारा गुडघा असेल तर मेटलंडच्या पहिल्या-दुसऱ्या ग्रेडची हळुवार लय. ठणका नाही, पण ठरावीक अंशावर भिंत लागल्यासारखा अडतो, तर तिसरा-चौथा ग्रेड किंवा काल्टेनबोर्नचा धरून ठेवलेला ताण. एखादीच हालचाल, म्हणजे जिना उतरणे किंवा खुर्चीतून उठणे, दुखते आणि बाकी ठीक आहे, तर आधी मलिगन करून पाहावे. मांडी-पोटरी दगडासारखी झाली आहे, झोप लागत नाही, तर मसाज. हे आडाखे अनुभवाचे आहेत आणि एकाच रुग्णाला महिन्याभरात तीनही लागू शकतात.

चांगल्या फिजिओथेरपिस्टची एक ओळख सांगते. उपचाराआधी तुम्हाला दुखणारी एक हालचाल करून दाखवायला सांगितले जाते, अंश मोजले जातात किंवा खुर्चीतून किती वेळा उठता येते ते पाहिले जाते, आणि उपचारानंतर लगेच तेच पुन्हा तपासले जाते. असे तपासले जात नसेल, महिनाभर रोज तोच क्रम चालला असेल आणि घरी करायला काहीच शिकवले नसेल, तर विचारायला संकोच करू नका. सहा ते आठ भेटींत काही फरक दिसला नाही तर तेच पुढे चालवण्यात अर्थ नसतो. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे होते. ती आहे का हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. एका आजोबांचा गुडघा गावाकडे कोणीतरी "मोकळा करून देतो" म्हणून जोराने मुडपला होता, आणि माझ्याकडे ते आले तेव्हा तो दीडपट सुजलेला होता. दुखणे सोसले की गुण येतो, ही समजूत मला मनापासून पुसून टाकावीशी वाटते. उपचारानंतर थोडे अवघडल्यासारखे वाटणे ठीक. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेलेच असेल तर जोर जास्त झाला.

काही गुडघ्यांना हात लावण्याआधी डॉक्टरांकडे पाठवावे लागते. गुडघा अचानक लाल, गरम आणि फुगलेला असेल, ताप असेल, पडल्यानंतर पायावर वजनच टाकता येत नसेल, रात्री विश्रांतीतही न थांबणारे दुखणे आणि सोबत वजन घटत असेल, तर ती झीज नसू शकते. एकाच पायाची पोटरी सुजून दुखरी, गरम झाली असेल तर शिरेत रक्ताची गाठ असण्याची शक्यता असते आणि अशा पोटरीला मालीश करणे धोक्याचे आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांना खोल मसाज किंवा सिरिआक्सचे घर्षण करू नये आणि हाडे ठिसूळ झालेल्यांवर जोराची तंत्रे वापरू नयेत. आमवाताचा सांधा भडकलेला असतानाही ताण देणारी तंत्रे थांबवावी लागतात.

घरी करण्याजोगे एवढेच सांगते. पाय सरळ पसरून बसा, मांडी पूर्ण सैल सोडा. ती सैल आहे की नाही हे वाटी हलते का यावरून कळते. अंगठा आणि तर्जनीने वाटीच्या कडा धरून ती हळूच वरखाली, मग आतबाहेर सरकवा, प्रत्येक दिशेला वीसेक वेळा. वाटी खाली हाडावर दाबायची नाही, फक्त सरकवायची. मग गुडघ्याच्या लवणीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबत मांडीचा पुढचा स्नायू आवळा, पाच सेकंद धरा, सोडा, दहा वेळा. हाताने सैल केलेला गुडघा काही वेळाने पुन्हा आखडू लागतो, म्हणून हा दुसरा भाग लगेच, त्याच बैठकीत करायचा. त्या काकू आता सकाळचा चहा उकळेपर्यंत हे करतात, आणि पाटाऐवजी ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून भाकरी थापतात. मांडी घालून बसणे अजून जमत नाही, आणि ते मी त्यांना कबूलही केले नव्हते.